गावाला आधी कळतं: लुइझियानाच्या जुन्या क्रिओल कथांविषयी

नदीपार

'एका बैठकीत वाचून होणाऱ्या कथा' या धाग्यावर एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन लेखिका केट शोपॅन हिच्या 'देझिरेज बेबी'चा विषय निघाला तेव्हा बहुतेकांचा सूर एकच होता, की शेवटचा धक्का जबरदस्त आहे. त्या धक्क्यामुळेच ती कथा अर्धवट वाचली जाते असं मला मनापासून वाटतं. तिथे प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे. पुढे काही कथांचे शेवट उघड होतील. ज्यांना कोऱ्या मनाने वाचायच्या असतील त्यांनी आधी कथा वाचून मग इथे यावं.

आधी मुलूख. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानाचं न्यू ऑर्लिन्स शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलं, मधली काही दशकं स्पेनचा अंमल होता, आणि १८०३ मध्ये नेपोलियनने अख्खा लुइझियाना दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकला. राज्य बदललं, माणसं तीच राहिली. फ्रेंच बोलणारी, कॅथलिक, इंग्रजी बोलत आलेल्या नव्या अमेरिकनांना उपरे मानणारी ही क्रिओल मंडळी. त्यांच्यात गोरे जमीनदार होते, तशीच गोरे पुरुष आणि काळ्या स्त्रिया यांच्यापासून झालेली स्वतंत्र, शिकलेली, घरदार बाळगून असलेली मिश्र वंशाची माणसंही होती. हैतीच्या क्रांतीतून पळून क्यूबात गेलेले नऊ हजारांच्या आसपास निर्वासित १८०९ च्या सुमाराला न्यू ऑर्लिन्सला येऊन थडकले, तेव्हा हा समाज आणखी दाट झाला. दोन्हीकडे आडनावं तीच, प्रार्थनेला चर्च तेच. लग्न मात्र कायद्याने नाही.

आता मुद्दा. या कथांमध्ये 'रक्ताचं गुपित' असतं, म्हणजे कुणाच्या तरी अंगात काळ्या वंशाचं रक्त असतं, असं आपण म्हणतो, पण ते गुपित सहसा गुपित नसतंच. पंचक्रोशीला सुगावा लागलेला असतो, शेजाऱ्यांना असतो, माजघरातल्या दासींना तर सगळ्यात आधी. ज्या बाईचं आयुष्य त्यावर टांगलेलं असतं तिला ते सर्वांत शेवटी कळतं. कथा घडते ती या मधल्या वेळात.

'देझिरेज बेबी'तच बघा. सुरुवातीला देझिरे कौतुकाने आईला सांगते, की बाळाचं रडणं तिच्या नवऱ्याला, आर्मांला, पार ला ब्लांश या दासीच्या खोपटापर्यंत ऐकू गेलं. आर्मां तिथे कशाला गेला होता, हा प्रश्न तिच्या मनाला शिवत नाही. मूल तीन महिन्यांचं होतं तेव्हा तिला जाणवतं की घरात काहीतरी बिनसलंय. नोकरमाणसांचं वागणं गूढ झालंय, लांबचे शेजारी काही कारण नसताना येऊन डोकावून जातायत, नवरा नजरेला नजर देत नाही. मग ती उकाड्याची दुपार. बाळ मोठ्या पलंगावर झोपलंय आणि ला ब्लांशचा एक लहान मुलगा मोरपिसांच्या पंख्याने त्याला वारा घालतोय. देझिरे बाळाकडे बघते, मग त्या मुलाकडे, पुन्हा बाळाकडे. तिचं रक्त गोठतं. शोपॅन इथे एका ओळीचंही स्पष्टीकरण देत नाही. पुढे आर्मांच्या आईचं जे पत्र निघतं आणि काळं रक्त देझिरेचं नव्हे, आर्मांचंच होतं ते उघड होतं, तो धक्का फक्त वाचकाला आणि आर्मांला. कथेचा जीव मला त्या दुपारीच दिसतो. ही कथा १४ जानेवारी १८९३ च्या 'व्होग'मध्ये आली आणि पुढच्या वर्षी 'बायू फोक' या संग्रहात. त्याच १८९४ साली लुइझियानाने मिश्रविवाहांवर पुन्हा बंदी घातली. मधली काही वर्षं ती उठलेली होती.

आता शोपॅनच्याच 'ला बेल झोराईद'कडे या. मान्ना-लूलू नावाची काळी दाई आपल्या मालकिणीला रात्री झोपवताना गोष्ट सांगते. गोष्टीतल्या झोराईद या दासीचा न्यू ऑर्लिन्सच्या कॉंगो चौकात नाचणाऱ्या मेझोरवर जीव जडतो. तिच्या मालकिणीला हे पसंत नाही. मेझोर विकला जातो, बाळ जन्मताच उचलून नेतात आणि तिला सांगतात की ते मेलं. ती चिंध्यांचं गाठोडं बाळ म्हणून कुशीत घेते. घाबरून मालकीण खरं मूल परत आणते, तेव्हा झोराईद ते हातात घेत नाही. गोष्ट संपल्यावर मऊ पलंगावर ऐकत पडलेली मालकीण कळवळते ती त्या मुलासाठी: बिचारी पोर, मेली असती तर बरं. झोराईदविषयी ती काहीच बोलत नाही. गोष्ट सांगणारी कोण आणि ऐकणारी कोण, हे एकदा लक्षात आलं की अंगावर काटा येतो.

शोपॅनला हे सगळं कुठून दिसलं? ती जन्माने सेंट लुइसची. वडील आयरिश, आजोळ फ्रेंच, आणि लहानपणी पणजीकडून ऐकलेल्या जुन्या गोष्टी. १८७० मध्ये ऑस्कर शोपॅनशी लग्न करून ती न्यू ऑर्लिन्सला गेली, १८७९ मध्ये नॅकिटिश भागातल्या क्लुटियरव्हिल या खेड्यात. १८८२ मध्ये नवरा तापाने गेला. त्यानंतर १८८४ पर्यंत तिने तिथलं दुकान स्वतः चालवलं. गावात दुकान चालवणाऱ्या बाईला कुणाच्या घरी काय चाललंय हे आपोआप कळतं, उधारीच्या वहीतूनसुद्धा.

दुसरा लेखक जॉर्ज वॉशिंग्टन केबल. न्यू ऑर्लिन्समध्येच जन्मलेला (१८४४), पण क्रिओल नव्हे. त्याचा 'ओल्ड क्रिओल डेज' १८७९ चा. त्यातली 'टीट पूलेत' ही कथा अशी: झॅली नावाची मिश्र वंशाची बाई, तिच्या सुंदर मुलीवर एका गोऱ्या तरुणाचं मन बसतं, लग्न अशक्य. शेवटी झॅली कागद पुढे करते, की ही माझी मुलगी नाहीच, ही स्पॅनिश आईबापांची. सगळं सुरळीत.

यानंतर जे घडलं ते केबलनेच १८९६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. एका मिश्र वंशाच्या अनोळखी स्त्रीचं त्याला पत्र आलं. तिचं म्हणणं होतं, की आमच्या दुःखाची खरी कळकळ असेल तर खरं सांगा, ती मुलगी त्या बाईचीच होती आणि मुलीचं लग्न व्हावं म्हणून आईने खोटी शपथ घेतली. केबलने ते मनावर घेतलं आणि १८८१ मध्ये 'मादाम देल्फीन' लिहिली. तिच्यात आई शपथ घेऊन पोटच्या मुलीला नाकारते, लग्न लागतं, आणि पाद्री पेअर झेरोमपुढे कबुली देता देता तिचा प्राण जातो. एका वाचिकेने लेखकाला त्याच्या गोड शेवटाचा जाब विचारावा आणि त्यातून त्याची सर्वांत धारदार कथा निघावी, याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

ग्रेस किंग आणि अ‍ॅलिस डनबार-नेल्सन या न्यू ऑर्लिन्सच्याच दोन लेखिकांबद्दल लिहायचंच आहे, पण आधी तुमचं ऐकू दे.

---

चिंचपेटी

सुंदर धागा. ला ब्लांशच्या खोपटाची ओळ मी दोनदा वाचूनही सुटली होती, आत्ता उघडून पाहिली. मुलगी किती निरागसपणे बोलून जाते!

एक अडचण. केबलची 'जां-आ पोक्लां' सुरू केली होती, पण पात्रांच्या तोंडचं मोडकं इंग्रजी इतकं चमत्कारिक अक्षरात लिहिलंय की दुसऱ्या पानावर थांबले. काय करावं?

---

नदीपार

मोठ्याने वाचा. कागदावर जे अनोळखी दिसतं ते कानाला कळतं. आपल्याकडच्या मालवणी किंवा वऱ्हाडी संवादांचं शहरी वाचकाला तसंच होतं. 'जां-आ पोक्लां' सोडू नका. एक म्हातारा जमीनदार दलदलीकाठच्या पडक्या वाड्यात राहतो. त्याचा भाऊ त्याच्याबरोबर आफ्रिकेच्या सफरीवर गेला होता तो कुणाला पुन्हा दिसला नाही, म्हणून गाव त्याला खुनी समजतं. नव्या अमेरिकनांना तिथून रस्ता काढायचाय. गावगुंड त्याच्या दारी थाळ्या-डबे बडवत धिंगाणा घालायला येतात, तेव्हा वाड्यातून त्याची शवपेटी बाहेर पडते आणि मागून चालत येतो तो हरवलेला भाऊ, महारोगाने पांढराफटक पडलेला. इतकी वर्षं म्हाताऱ्याने त्याला लपवून सांभाळलं होतं. एक मुका आफ्रिकन नोकर शवपेटीची गाडी हाकत असतो. पुढे तोच पेटी खांद्यावर घेतो, आणि ते दोघं दलदलीतल्या महारोग्यांच्या वस्तीकडे निघून जातात. गावाला सगळं माहीत असतं असं मी वर म्हटलं. इथे गावाला खात्री असते आणि ती साफ चुकीची असते.

---

रानवाट

केबलचं ठीक आहे. ग्रेस किंगबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय. १८८५ मध्ये 'सेंच्युरी' मासिकाचे संपादक गिल्डर न्यू ऑर्लिन्सला आले होते. केबलने आमच्या शहराची बदनामी केली असं तिने त्यांना ऐकवलं, तर ते म्हणाले की मग तुम्हीच का लिहीत नाही? त्यातून ती लिहिती झाली. म्हणजे तिच्या लेखणीचा उगमच जुन्या गोऱ्या घराण्यांच्या बचावात आहे. अमेरिकन यादवी युद्धाआधीच्या दिवसांबद्दलचा हळवेपणा तिच्या पानोपानी आहे आणि गुलामांची निष्ठा ती गृहीतच धरते. केबलने मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांची बाजू त्याच १८८५ साली जाहीरपणे मांडली आणि त्या वादळात कुटुंब घेऊन मॅसॅच्युसेट्सला कायमचा निघून गेला. इतिहासकार गायारेंसारखे मातब्बर त्याच्यावर तुटून पडले होते. या दोघांना एका पंगतीत बसवू नये.

---

नदीपार

रानवाट, एका पंगतीत नाही बसवत. तुम्ही म्हणता तो हळवेपणा आहेच आणि तो वाचताना मलाही टोचतो. तरीही 'बाल्कनी स्टोरीज'मधली (१८९३) 'द लिटल कॉन्व्हेंट गर्ल' कृपा करून वाचा.

सिनसिनाटीच्या कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढलेली अठरा वर्षांची मुलगी. वडील वारले, म्हणून न्यू ऑर्लिन्सला आईकडे निघालीय. आई तिला आठवतही नाही. आगबोटीचा प्रवास. ती कमालीची भिडस्त आहे, काळे केस चापूनचोपून बसवते तरी त्यांची वळणं सुटत राहतात. हळूहळू ती धीट होते, नावाड्याच्या खोलीत जाऊन बसू लागते. तो तिला सांगतो, की या मिसिसिपीच्या खाली आणखी एक तेवढीच मोठी नदी वाहते. बोट धक्क्याला लागते, आई न्यायला येते, आणि कुणीतरी ओरडतं की आई तर काळी आहे! मुलगी काहीच बोलत नाही. महिन्याभराने बोट परत येते, आई तिला कप्तानाला भेटवायला आणते. मुलगी फिकट पडलेली. परतताना ती फळीवरून पाण्यात जाते. देह सापडत नाही. किंग म्हणते, खालची नदी तिला घेऊन गेली असावी.

कप्तान, नावाडी, खलाशी सगळे भले लोक. कुणी वाईट वागत नाही. किंगच्या विचारांविषयी तुमचं मत काहीही असो, भल्या माणसांच्या तोंडचं ते एक वाक्य काय करू शकतं हे तिने जसं दाखवलंय तसं केबललाही जमलेलं नाही.

---

रानवाट

वाचली. कथा फार मोठ्या ताकदीची आहे हे कबूल. पण आईला एकही धड वाक्य मिळत नाही हेही बघा. मुलीचं दुःख किंगला दिसतं. बारा वर्षं जिच्यापासून मूल तोडलं त्या बाईचं काय, हे तिला विचारावंसं वाटत नाही. 'झोराईद'मधल्या मालकिणीबद्दल तुम्ही जे म्हणालात तेच इथे लेखिकेला लागू पडतं.

---

नदीपार

हे मी असं पाहिलं नव्हतं. पटलं. पुन्हा वाचताना आईकडे बघेन.

---

जुनीबखर

या चर्चेत मिश्र वंशाच्या क्रिओल लोकांनी स्वतः काय लिहिलं ते यायला हवं. व्हिक्टर सेजूर, जन्म न्यू ऑर्लिन्स १८१७, शिकायला पॅरिसला गेला आणि १८३७ मध्ये तिथल्या एका मासिकात 'ल म्युलात्र' ही फ्रेंच कथा छापली. हैतीतल्या मळ्यावरची कथा. गुलाम असलेला नायक बायकोच्या मृत्यूचा सूड म्हणून मालकाला मारतो, आणि त्याच क्षणी कळतं की मालक त्याचा बाप होता. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन लेखकाने लिहिलेली, आज हाती असलेली ही सर्वांत जुनी कथा मानतात. १८४५ मध्ये आर्मां लान्यूसने 'ले सनेल' हा अशाच स्वतंत्र क्रिओल कवींचा संग्रह न्यू ऑर्लिन्समध्येच काढला. केबलच्या तीन दशकं आधीची ही गोष्ट. ते फ्रेंचमध्ये लिहीत होते म्हणून इंग्रजी वाचकाला दिसले नाहीत.

आणि होमर प्लेसीला विसरू नका. ७ जून १८९२ ला न्यू ऑर्लिन्सच्या आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसून त्याने मुद्दाम अटक ओढवून घेतली. तो याच समाजातला, दिसायला गोरा. इथल्या नागरिकांच्या समितीने ठरवून उभा केलेला खटला होता तो. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल विरोधात दिला आणि वेगळ्या डब्यांना कायद्याची मोहर मिळाली. शोपॅन, किंग आणि डनबार-नेल्सन यांचे संग्रह याच सहा-सात वर्षांतले आहेत. त्या काळात कोण कुठल्या डब्यात बसणार हा कोर्टातला प्रश्न होता.

---

नदीपार

जुनीबखर, फार मोलाची भर. त्यावरूनच अ‍ॅलिस डनबार-नेल्सनकडे येते. जन्म न्यू ऑर्लिन्स १८७५, स्वतः मिश्र वंशाच्या क्रिओल समाजातली. 'द गुडनेस ऑफ सेंट रॉक' १८९९ चा. तिच्या कथांत वर्ण बहुधा उघड सांगितलेलाच नसतो. गल्ली, चर्च, आडनाव यांवरून ज्याला ओळखता येईल त्याने ओळखावं.

'सिस्टर जोसेफा' वाचा. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली कामील, सावळी, देखणी, आईबाप माहीत नाहीत. एक जोडपं तिला दत्तक घ्यायला येतं. त्या पुरुषाची नजर तिला नकोशी होते, ती नाही म्हणते आणि जोगीण होते. पुढे एका सणाला कॅथीड्रलमध्ये एका तरुण अधिकाऱ्याचे डोळे दिसतात आणि ती पळून जायचं ठरवते. त्याच संध्याकाळी दुसऱ्या जोगिणींचं बोलणं कानावर पडतं, की हिला ना नाव ना कूळ, बाहेर हिचं काय होणार? ती थांबते. इथेही इतरांना माहीत होतं, तिला शेवटी कळलं. पण एक फरक मला मोठा वाटतो. देझिरे बायूकडे, म्हणजे दलदलीतल्या संथ पाण्याकडे, चालत जाते, कॉन्व्हेंटची पोर पाण्यात जाते, मादाम देल्फीन मरते. जोसेफा जिवंत राहते, सगळं कळून. तो समाज आतून जगलेल्या लेखिकेला मरणाच्या शेवटाची गरज पडली नाही.

त्याच संग्रहातली 'द प्रालीन वुमन' ही नुसतं एका फेरीवालीचं बोलणं आहे. रॉयल स्ट्रीटवर चॅपलच्या कडेला बसून ती साखर-पेकानच्या वड्या विकते, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता स्वतःचं दुःख मधेच सांगते आणि लगेच पुन्हा माल पुढे करते. चार पानं फक्त.

---

रेवदंडेकर

विषय लुइझियानाचा आहे, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली क्रिओल बोली घराघरात बोलतात. ते तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज चौल सोडून १७४० मध्ये गेले, बोली मात्र टिकली. बोलणारे हजाराच्या आसपास. त्यांच्या गाण्या-गोष्टींमधून आपल्या किनाऱ्याची कथा कुणीतरी लिहायला हवी असं हा धागा वाचताना फार वाटलं.

---

मोकावासी

मॉरिशसहून. आमचे पूर्वज कोकणातले, उसाच्या मळ्यांवर करारावर आलेले. गणपती घरोघर बसतो, मराठी शाळेत शिकलो, पण घरात आणि रस्त्यावर क्रेओलच. 'झोराईद'च्या शेवटी मालकीण आणि दाई यांचं क्रिओलमधलं बोलणं शोपॅनने जसंच्या तसं ठेवलंय. ते मी आजीला वाचून दाखवलं. इंग्रजी तिला येत नाही, पण त्या ओळी तिला लगेच समजल्या. इतक्या लांबची भाषा, पण मळा तोच. आजीने विचारलं, ती पोर पुढे कुणी वाढवली?

---

नदीपार

मोकावासी, आजींचा प्रश्न नेमका आहे. कथेत एवढंच आहे की ती पोर आईच्या मायेला पारखीच राहिली. मान्ना-लूलू तिच्याबद्दल अधिक काही सांगत नाही आणि मालकीणही विचारत नाही.

---

हिरवीकाडी

मी टेक्ससमध्ये राहते. केन नदीकाठी जाऊन आले आहे. क्लुटियरव्हिलमधलं शोपॅनचं घर, ज्यात संग्रहालय होतं, ते १ ऑक्टोबर २००८ च्या आगीत जळून गेलं. जवळच्या आयल ब्रेव्हेल भागात मात्र मिश्र वंशाच्या क्रिओल घराण्यांची चर्च आणि कबरी आहेत, मेतवाये आडनाव सारखं दिसतं. गुलाम म्हणून जन्मलेल्या मारी तेरेझ क्वांक्वां या बाईचे ते वंशज. तिने स्वातंत्र्य मिळवून स्वतःची जमीन केली. शोपॅन याच लोकांच्या शेजारी राहिली.

तिथल्या ओकच्या झाडांखाली उभं राहिल्यावर 'आतेनाईज' आठवली. माहेरी पळालेल्या बायकोला काझो घोड्यावरून परत आणतो, वाटेत एक मोठा ओक लागतो. लहानपणी त्याच झाडाशी वडिलांनी पळून गेलेल्या गेब नावाच्या गुलामाला परत आणताना घोडे थांबवले होते, हे त्याला आठवतं. बायको पुन्हा पळते तेव्हा तो तिला आणायला जात नाही. एका आठवणीने माणूस बदलतो.

---

चिंचपेटी

'जां-आ पोक्लां' मोठ्याने वाचून पूर्ण केली. मुका नोकर पेटी खांद्यावर घेतो तिथे आवाजच फुटेना.

नदीपार, तुमच्या 'गावाला आधी कळतं' या म्हणण्याला एक अपवाद सापडला. शोपॅनची 'नेग क्रेओल'. फ्रेंच मार्केटमध्ये पडेल ती कामं करणारा म्हातारा शिको, मजुरी म्हणून मासे, भाजी, हाडकं घेतो. ज्या ब्वादुरे घराण्याचा तो पूर्वी गुलाम होता त्याच्या थोरवीच्या गप्पा बाजारभर मारतो. त्या घराण्यातली शेवटची म्हातारी एका भिकार खोलीत मरायला टेकलीय आणि हाच तिला रोज खायला नेऊन देतो, हे बाजारात कुणालाच माहीत नाही. ती मरते, अंत्ययात्रा बाजारावरून जाते. मासेविक्या विचारतो, ही तुझ्या ब्वादुरेंपैकी का? शिको म्हणतो, छे, आमच्या घराण्याशी हिचा काही संबंध नाही. आणि मान वळवून बघतही नाही.

---

नदीपार

बरोबर, हा अपवादच आहे, आणि तो माझ्या नजरेतून सुटला होता असं नाही, मला तो कुठे बसवावा ते कळत नव्हतं. ज्यांना सगळं माहीत असतं त्या माजघरातल्या माणसांपैकीच शिको एक. देझिरेच्या घरातले नोकर गप्प राहिले आणि ती उद्ध्वस्त झाली. इथे नोकर गप्प राहतो आणि मालकिणीची अब्रू वाचते, तिच्या मरणानंतरही. पण त्यासाठी त्याला तिच्यासाठी रडताही येत नाही. रानवाट, यावर तुमचं मत हवंय: शोपॅन इथे निष्ठेचे गोडवे गातेय, की त्या निष्ठेची किंमत मोजून दाखवतेय? मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पहिल्या बाजूने वाचणारेही पुष्कळ आहेत.

यांतले बरेच संग्रह प्रोजेक्ट गटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पुढच्या आठवड्यात केबलची 'बेल देमुआझेल प्लँटेशन' वाचू या का? मिसिसिपी किनारा खात खात एका वाड्यापर्यंत येते, ती.